साथीच्या काळात परदेशी जायचंय? आधी घड्याळ लावा, मग कागदपत्रं

पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला वाटतं की खरी परीक्षा तिकडे उतरल्यावर, इमिग्रेशनला. एरवी ते बरोबरही आहे. पण साथ चालू असली की तुमचा निकाल इथेच लागतो, चेक-इन काउंटरवर. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते आणि बऱ्याच देशांत वरून दंडही बसतो, त्यामुळे काउंटरवरचा माणूस तुमच्या बाजूने अंदाज बांधायच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या स्क्रीनवर टिमॅटिक नावाचा डेटाबेस असतो, आयाटा ही एअरलाइन्सची संघटना तो चालवते, आणि तुमचा पासपोर्ट, मार्ग, मुक्काम टाकला की कुठला कागद लागतो ते त्यात दिसतं. तो ते वाचतो आणि तुमच्या हातातला कागद बघतो. जुळलं तर बोर्डिंग पास, नाही जुळलं तर बाजूला उभं राहा.

म्हणजे तुमचं काम काय, तर त्या माणसाला दोन मिनिटांत, रांगेत मागे पन्नास लोक असताना, काही न विचारता ओके म्हणता येईल असे कागद तयार ठेवणं. खाली जे लिहितोय ते कोविडच्या वेळच्या अनुभवावरून. डब्ल्यूएचओने जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ला उठवली आणि बहुतेक नियम गेले, पण पुढे कधी असं काही आलं तर नियम नवे असतील आणि घोळ बहुतेक हेच असतील.

नियम शोधायच्या आधी स्वतःबद्दल चार गोष्टी लिहून काढा

"अमुक देशात जायला काय लागतं" असं सर्च करू नका, त्याला एक उत्तर नसतंच. नियम ठरतो तो तुमचा पासपोर्ट कुठला, गेल्या काही दिवसांत तुम्ही कुठेकुठे होतात, विमान कुठे बदलणार आणि लस कुठली आणि कधी घेतली यावर. यातली दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ब्रिटनच्या रेड लिस्टला (ज्या देशांतून येणाऱ्यांवर सगळ्यात कडक निर्बंध होते त्यांची यादी) तुम्ही कुठून बसलात याच्याशी घेणंदेणं नव्हतं, गेल्या १० दिवसांत त्या देशांत पाय ठेवला होता का एवढंच ते बघायचे. अमेरिकेने ज्या देशांवर बंदी घातली होती तिथे हाच हिशोब १४ दिवसांचा. म्हणजे तिसऱ्याच देशातून विमान पकडलं म्हणून सुटका नाही.

मग त्या देशाच्या सरकारी साइटवर जा. वकिलातीचं पान बघा, एअरलाइनचं पान बघा. तिन्हीकडे वेगळं लिहिलेलं दिसलं तर जो सगळ्यात कडक नियम आहे तो पाळा, वाद घालायला काउंटरवर वेळ नसतो. फॉरवर्ड आलेले मेसेज आणि "माझा मित्र मागच्या महिन्यात गेला" हे दोन्ही बाजूला ठेवा, मित्र खोटं बोलत नसतो, त्याचा नियम एक्सपायर झालेला असतो.

आणि हे वाचन एकदाच करून भागत नाही. तिकीट काढताना, मग साधारण आठवडाभर आधी, मग टेस्टला जायच्या आधी आणि निघायच्या आदल्या रात्री. अती वाटेल. पण २६ नोव्हेंबर २०२१ आठवून बघा. त्या दिवशी डब्ल्यूएचओने कोविडच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिलं आणि त्याच दिवशी दुपारपासून ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेसकट सहा देश रेड लिस्टमध्ये टाकले, म्हणजे सकाळी पूर्ण कागद असलेला माणूस संध्याकाळी अडकलेला. आणि तीन आठवडे व्हायच्या आत, १५ डिसेंबरला, रेड लिस्ट पुन्हा रिकामी. वाचताना पानाचा स्क्रीनशॉट काढा, वरची "शेवटचा बदल" तारीख त्यात येऊ द्या. काउंटरवरच्या माणसाला जुनी माहिती असेल तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

मार्ग निवडताना स्वस्तापेक्षा सोपा बघा

साथीत डायरेक्ट फ्लाइट मिळत असेल आणि परवडत असेल तर डोळे झाकून तीच घ्या. मध्ये एक देश आला की त्याचे नियम आले, आणि ट्रान्झिट म्हणजे दर वेळी नुसतं एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जाणं असतंच असं नाही. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं, टर्मिनल बदलताना कधीकधी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि एकदा ते ओलांडलं की तुम्ही त्या देशात "आलात", मग तिथला फॉर्म, तिथली टेस्ट, तिथला व्हिसा, सगळंच. चीनने तर एका टप्प्यावर जिथे विमान बदलणार तिथेही पुन्हा टेस्ट मागायला सुरुवात केली होती.

म्हणून कनेक्टिंगच घ्यायचं असेल तर एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरमध्ये. यामुळे टेस्टचं घड्याळसुद्धा बदलतं, ते पुढे सांगतो. आणि तिकीट तारीख बदलता येणारं घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आदल्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्हाला याची आठवण येईल.

लस: घेतली एवढं पुरत नाही, त्यांनी मान्य केलेली पाहिजे

"पूर्ण लसीकरण" म्हणजे कोविडच्या वेळी बहुतेक ठिकाणी शेवटच्या डोसनंतर १४ दिवस झालेले. डोस १ तारखेला आणि विमान १० तारखेला, तर त्या देशाच्या हिशोबात तुम्ही अजून अर्धवटच. जॅन्सेन या लसीचा एकच डोस पूर्ण धरायचे, बाकी बहुतेकांचे दोन. उलट्या बाजूलाही मर्यादा असते, युरोपियन युनियनने १ फेब्रुवारी २०२२पासून पहिल्या कोर्सचं (म्हणजे बूस्टरआधीच्या डोसांचं) सर्टिफिकेट प्रवासासाठी २७० दिवसच धरायचं ठरवलं, त्यानंतर बूस्टर दाखवा. दोन डोस घेऊन निवांत बसलेल्या लोकांना हे विमानतळावर कळलं की काय होत असेल बघा.

मग लसीचं नाव. कोविशील्ड आणि युरोपात मिळणारी अ‍ॅस्ट्राझेनेका, फॉर्म्युला तोच, पण युरोपच्या औषध नियामकाच्या यादीत कोविशील्ड हे नाव नव्हतं, त्यामुळे २०२१च्या उन्हाळ्यात युरोपातला एक देश हो म्हणायचा आणि शेजारचा मान हलवायचा. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर डब्ल्यूएचओच्या यादीत नाव यायला ३ नोव्हेंबर २०२१पर्यंत थांबावं लागलं. अमेरिकेने ८ नोव्हेंबरपासून परदेशी प्रवाशांना लस सक्तीची केली तेव्हा त्यांनी स्वतःच्या मान्य लसींबरोबर डब्ल्यूएचओची यादीही धरली, म्हणजे ते नाव पाच दिवस आधी आलं म्हणून किती जणांची तिकिटं वाचली. तेव्हा यादीत तुमच्या लसीचं नाव अक्षरशः तसंच आहे का ते बघा. "तीच आहे हो ती" हे काउंटरवर चालत नाही.

सर्टिफिकेटवर नाव पासपोर्टप्रमाणे, पूर्ण जन्मतारीख, दोन्ही डोसांच्या तारखा, लसीचं नाव आणि क्यूआर कोड एवढं हवंच. नुसतं जन्मवर्ष छापलेलं सर्टिफिकेट बऱ्याच जणांना नडलं. दुरुस्तीची सोय असेल तर ती तिकीट काढलं त्याच दिवशी करा, निघायच्या आठवड्यात नाही.

(ही आरोग्याच्या कागदाची कटकट काही नवीन नाही म्हणा. यलो फीव्हरचं पिवळं कार्ड कित्येक वर्षांपासून आहे, ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आधी १० वर्षं चालायचं, आता ११ जुलै २०१६पासून आयुष्यभर चालतं. आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत वारंवार जाणारे लोक कोविडच्या नियमांना फारसे घाबरले नाहीत, त्यांना सवय होती.)

टेस्ट: इथेच बहुतेक लोक पडतात

नियमात लिहिलेलं असतं "७२ तासांच्या आतली निगेटिव्ह टेस्ट". वाचायला सोपं आहे. पण ७२ तास कशापासून कशापर्यंत? सुरुवात सॅम्पल घेतल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून? शेवट पहिलं विमान उडण्यापर्यंत, शेवटचं विमान उडण्यापर्यंत, की तिकडे उतरेपर्यंत? देशादेशात उत्तर वेगळं होतं, आणि हे न बघता लॅबची अपॉइंटमेंट घ्यायची म्हणजे मुहूर्त न बघता हॉल बुक करण्यासारखं आहे.

कॅनडाचा नियम होता की कॅनडाला थेट जाणारं जे शेवटचं विमान, त्याच्या ठरलेल्या वेळेच्या आधीचे ७२ तास. अमेरिकेचा वेगळा, एकाच बुकिंगवरचा प्रवास असेल तर पहिल्या विमानापासून मोजायचं (मध्ये फार लांब थांबा नसला तर), आणि तेही तासात नाही, दिवसात. २६ जानेवारी २०२१पासून तीन दिवस, ६ डिसेंबर २०२१पासून एकच दिवस. दिवस आणि तास यातला फरक छोटा वाटतो पण बघा, शुक्रवारी दुपारी एकचं विमान असेल तर "एक दिवस" म्हणजे गुरुवारी कधीही, अगदी पहाटे दिलेलं सॅम्पलही चालायचं. "२४ तास" असतं तर गुरुवारी दुपारी एकच्या आधीचं बाद.

आता एक हिशोब मांडून दाखवतो. समजा पहिलं विमान रविवारी रात्री ११ला, मध्ये बदल, दुसरं विमान सोमवारी सकाळी ९ला, आणि नियम कॅनडासारखा. (दोन्हीकडची घड्याळं सारखीच धरू, नसली तर तो फरक आधी काढून घ्या.) तुम्ही घरून निघायच्या वेळेवरून मोजलंत तर शुक्रवारी सकाळी ८चं सॅम्पल एकदम सेफ वाटेल, ६३ तास. पण मोजायचंय सोमवार सकाळी ९पासून मागे, म्हणजे शुक्रवार सकाळी ९. तुमचं सॅम्पल एका तासाने बाद. एका तासाने! त्यामुळे नेहमी उलटं मोजा, शेवटच्या टोकापासून सुरू करा, कागदावर रेघ मारून तास लिहा, मनातल्या मनात करू नका.

आणि या खिडकीच्या, म्हणजे चालणाऱ्या वेळेच्या, अगदी सुरुवातीलाही जाऊ नका, अगदी शेवटीही नको. वरच्या उदाहरणात मी शुक्रवारी दुपारी सॅम्पल देईन, म्हणजे रिपोर्ट शनिवारी येईल, आणि लॅबने काही घोळ घातला, सॅम्पल खराब झालं, रिपोर्ट अनिर्णित आला, तर शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये जायला जागा उरते. दुसऱ्या लॅबचा पत्ता आणि वेळा आधीच काढून ठेवा, वीकेंडला किती वाजेपर्यंत उघडी असते तेही विचारा.

टेस्टचा प्रकारही बघा. आरटी-पीसीआर जवळपास सगळीकडे चालायची, रॅपिड अँटिजेन काही ठिकाणी चालायची काही ठिकाणी अजिबात नाही, कॅनडाने २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत अँटिजेन घेतलीच नाही. जपान तर सॅम्पल कुठून घेतलं तेसुद्धा बघायचा, नुसता घशातला स्वॅब त्यांना चालत नव्हता, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह, वेळ बरोबर, आणि तरी कागद बाद. लॅबमध्ये खुर्चीत बसल्यावर लाजू नका, विचारा की सॅम्पल कुठून घेताय आणि रिपोर्टवर तसं छापणार ना.

रिपोर्ट हातात आला की लगेच ओळ ओळ वाचा

हा माझा स्वतःचा किस्सा. विमान शनिवारी पहाटे २:४०चं, नियम ७२ तासांचा, सॅम्पल दिलेलं बुधवारी सकाळी साडेनऊला. ६५ तास आणि वर दहा मिनिटं, मी स्वतःवर खूश. काउंटरवरच्या बाईंचं बोट रिपोर्टवर फिरत फिरत "सॅम्पल घेतल्याची वेळ" या रकान्यापाशी आलं आणि थांबलं. तिथे फक्त तारीख होती, वेळ नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, वेळ नसेल तर आम्ही त्या दिवसाच्या रात्री बारापासून धरतो." म्हणजे बुधवार सुरू झाला त्या रात्री बारापासून, ७४ तास ४० मिनिटं. मी बाद.

लॅबला फोन लावला, रात्रीचे साडेबारा, कोण उचलणार. मग आठवलं की सॅम्पल घेतल्यावर लॅबचा एक एसएमएस आलेला, बिल नंबर आणि वेळ असलेला. तो शोधायला दहा मिनिटं गेली कारण मध्ये ओटीपी आणि ऑफरचे शंभर मेसेज. सापडला, ९:३४. सुपरवायझर आला, बिल नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळवला, मोबाइलचा फोटो काढून घेतला आणि सोडलं. तो एसएमएस मी डिलीट केला असता तर विमान गेलं होतं. चूक लॅबची खरी, पण रिपोर्ट माझ्याकडे गुरुवारपासून पडून होता आणि मी फक्त "निगेटिव्ह" हा एकच शब्द वाचला होता.

तेव्हा पीडीएफ उघडल्या उघडल्या पासपोर्ट शेजारी ठेवा आणि बघा. नावाचं स्पेलिंग, नाव-आडनावाचा क्रम (पासपोर्टवर मधलं नाव असेल तर इथेही पाहिजे), जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, सॅम्पलची तारीख आणि वेळ, टेस्टचं नाव, लॅबचं नाव-पत्ता. पासपोर्ट नंबरात शून्य आणि ओ यांची अदलाबदल फार होते. चूक दिसली की त्याच क्षणी फोन करा, दिवसा लॅब पाच मिनिटांत सुधारून देते. रिपोर्ट इंग्रजीत किंवा त्या देशाने सांगितलेल्या भाषेत आहे ना तेही बघा.

पॉझिटिव्ह आला तर

आजारी असाल तर घरी बसा, यात चर्चा नाही. पण एक त्रासदायक प्रकार असतो, माणूस महिन्यापूर्वी बरा झालेला, ठणठणीत, आणि पीसीआर अजून पॉझिटिव्ह. पीसीआर विषाणूचे उरलेसुरले तुकडेही पकडते, त्यामुळे असं आठवडेच्या आठवडे चालू शकतं. यासाठी बऱ्याच देशांनी बरं झाल्याच्या कागदाची सोय ठेवली होती, अमेरिकेत ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टरचं पत्र, युरोपात पॉझिटिव्ह टेस्टनंतर ११व्या दिवसापासून १८० दिवसांपर्यंतचं सर्टिफिकेट. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट रागाने फाडू नका, जपून ठेवा, तो पुढे पासासारखा वापरता येतो. घरी स्वतः केलेली टेस्ट यात सहसा धरत नाहीत, लॅबचा कागद लागतो.

फॉर्म: क्रम चुकला की अडकलात

ऑनलाइन फॉर्म आधी भरून मोकळं होता येत नाही, त्याला खिडकी असते. ब्रिटनचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म बराच काळ पोचायच्या आधीच्या ४८ तासांतच भरता यायचा, कॅनडाचं अराइव्हकॅन ७२ तासांत. आणि त्या ब्रिटनच्या फॉर्ममध्ये तिकडे गेल्यावर दुसऱ्या दिवशी करायच्या टेस्टचा बुकिंग नंबर मागायचे, म्हणजे ती टेस्ट आधी विकत घ्या, मग फॉर्म, मग फॉर्मचा क्यूआर, मग चेक-इन. कितीतरी लोक काउंटरसमोर जमिनीवर बसून मोबाइलवर ती टेस्ट बुक करताना मी पाहिलेत, विमानतळाचं वायफाय गेलेलं, कार्डाचा ओटीपी येत नाहीये, आणि वर घोषणा चालू.

सीट नंबर, राहायचा पत्ता पिनकोडसकट, तिकडचा फोन, सगळं एका नोटमध्ये लिहून ठेवा, फॉर्म मध्येच टाइमआउट होतो आणि पहिल्यापासून भरावा लागतो. मुलं असतील तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म लागतो का बघा, आणि टेस्टचं वय बघा, अमेरिकेत दोन वर्षांखालच्यांना टेस्ट नव्हती, कॅनडात पाच वर्षांखालच्यांना, त्यामुळे तीन वर्षांच्या पोराला एकीकडे माफी आणि दुसरीकडे नाही.

क्वारंटाइन असेल तर तो सुट्टीत मोजा. हाँगकाँगमध्ये एका काळात हॉटेलात २१ दिवस होते, न्यूझीलंडमध्ये तर खोली मिळाल्याशिवाय विमानात बसता येत नव्हतं आणि खोल्यांसाठी ऑनलाइन रांग लागायची. विमा घेताना साथीचा आजार आणि सक्तीचा क्वारंटाइन दोन्ही कव्हर होतात का ते वाचा, एजंट हो म्हणेल, पॉलिसीत काय छापलंय ते बघा. थायलंडसारख्या देशांनी कोविडचा खर्च भरणारा विमा सक्तीचाच केला होता.

निघायच्या दिवशी

सगळ्याची प्रिंट काढा. हो, प्रिंट. मोबाइलची बॅटरी, नेट, अ‍ॅपचं लॉगिन, यातलं काहीतरी एक त्याच वेळी दगा देतं. प्रिंट काउंटरवरच्या माणसाच्या क्रमाने लावा, पासपोर्ट, व्हिसा, लस, टेस्ट, फॉर्म, आणि सॅम्पलची वेळ हायलाइटरने रंगवून ठेवा, त्याला शोधायला लावू नका. एक सेट हातातल्या बॅगेत, दुसरा सोबतच्या माणसाकडे. पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, मेलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वेब चेक-इन साथीत बऱ्याचदा होतच नाही, कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोर्डिंग पास देत नाहीत, म्हणून नेहमीपेक्षा तासभर तरी आधी पोचा.

अडवलंच तर आवाज चढवू नका. "नेमका कुठला नियम कमी पडतोय, स्क्रीनवर दाखवता का" एवढं विचारा, आणि सुपरवायझरला बोलवायची विनंती करा. आधी काढून ठेवलेला स्क्रीनशॉट आता दाखवा.

उतरल्यावर कागद फेकून देऊ नका, दुसऱ्या दिवसाची टेस्ट किंवा क्वारंटाइनचा फोन आला तर तेच नंबर विचारतात. आणि परतीचं लगेच बघा, कारण घरी यायलासुद्धा टेस्ट लागू शकते आणि ती तिकडच्या लॅबमध्ये, तिकडच्या सुट्ट्यांच्या हिशोबाने करावी लागते. तुमचं परतीचं विमान मंगळवारी असेल आणि शनिवार-रविवार-सोमवार जोडून सुट्टी आली असेल, तर ते इथून निघायच्या आधीच कॅलेंडरमध्ये दिसायला हवं, आणि त्या तीन दिवसांत उघडी असणारी एक लॅब आत्ताच शोधून तिथली अपॉइंटमेंट घेऊन ठेवा.